ओडिसियस घरी कधी येणार? – ग्रीक महाकाव्य आणि आमची चौथी



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा आमच्या पाथर्डीकडच्या शिक्षकांना हजेरीपुस्तक उघडायला नको वाटतं. पटावर नावं तेवढीच असतात, पण वर्गात जागा रिकाम्या दिसतात. काही मुलं आईबापाबरोबर टोळीत गेलेली असतात. काही मागे राहतात, आजी-आजोबांजवळ, नाही तर हंगामी वसतिगृहात. शेवगाव, पाथर्डी, जामखेड या पट्ट्यात ज्यांनी नोकरी केली त्यांना हे नवीन नाही. सहकारी साखर कारखानदारी ज्या जिल्ह्यात, प्रवरानगरला, उभी राहिली त्याच जिल्ह्याच्या या टोकाची माणसं उचल घेऊन, संसार ट्रॅक्टरवर बांधून, ऊस तोडायला लांब लांब जातात. येतात ती पाडव्याच्या पुढे-मागे.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका नोव्हेंबरात मी तिसरी-चौथीच्या जोडवर्गाला होमरची 'ओडिसी' सांगायला घेतली. फार विचार करून नाही. नगरला जुन्या पुस्तकांच्या दुकानात मुलांसाठी लिहिलेली एक इंग्रजी संक्षिप्त आवृत्ती स्वस्तात मिळाली होती, ती डिक्शनरी शेजारी ठेवून वाचली आणि आवडली, एवढंच. मग मोठी भाषांतरं शोधून वाचली. शनिवारी सकाळची शाळा असते, दप्तर नसतं, शेवटचा अर्धा तास गोष्टीचा असं ठरवून टाकलं.

पहिल्या शनिवारी मी सुरुवात केली ती अशी, की समुद्रातल्या एका बेटावर एक मुलगा राहत होता, तो तान्हा होता तेव्हाच त्याचे वडील लांब गेले, आणि वीस वर्षं झाली तरी परत आले नव्हते. चौथीतला एक मुलगा लगेच म्हणाला, "मॅडम, कोणत्या कारखान्याला गेलते?"

वर्गात कोणी हसलं नाही. एरवी एवढ्या-तेवढ्यावर फिदीफिदी हसणारा वर्ग. त्यांना तो प्रश्न बरोबर वाटला होता. मलाही क्षणभर काय सांगावं कळेना. मग म्हटलं, कारखान्याला नाही, लढाईला. दहा वर्षं लढाई चालली आणि घरी यायला आणखी दहा लागली. "एवढी?" असं म्हणून पोरं पुढे सरकली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी मूळ रचना परत नीट पाहिली. 'ओडिसी'चे चोवीस सर्ग आहेत, जवळपास बारा हजार ओळी. आणि ज्याच्या नावाचं काव्य आहे तो ओडिसियस पहिल्या चार सर्गांत प्रत्यक्ष येतच नाही! ते चार सर्ग आहेत त्याच्या मुलाचे, टेलेमाकसचे. घरात दुसऱ्यांची माणसं येऊन बसली आहेत, बापाची शेरडं-डुकरं कापून खातायत, आईला म्हणतायत आमच्यापैकी एकाशी लग्न कर, आणि या पोराला बाप कसा दिसतो तेही आठवत नाही. तो जहाज घेऊन बापाची खबर काढायला निघतो. म्हणजे अडीच हजार वर्षांपेक्षा जास्त जुनं हे काव्य वीराच्या पराक्रमाने सुरू होत नाही, मागे राहिलेल्या मुलाच्या वाट बघण्याने सुरू होतं. आपण ही गोष्ट मुलांना सांगताना मात्र एकडोळ्या राक्षस, जादूगारीण, वादळं असं मधलं मधलं उचलतो आणि हे चार सर्ग गाळून टाकतो. मुलांच्या आवृत्त्यांमध्येही बहुतेक वेळा तसंच असतं. माझं स्पष्ट मत आहे की आमच्या मुलांसाठी गाळू नये असा भाग कोणता असेल तर हाच.

आता थोडं भांडण.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी हा अनुभव सांगितला तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मॅडम, आपलं रामायण-महाभारत संपलं का, म्हणून थेट ग्रीसला निघालात?" सगळे हसले, मीही हसले. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एका पालकांनी वेगळं विचारलं, "याचा स्कॉलरशिपला, नवोदयला काय उपयोग?" दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. उपयोग नसेलही. पहिल्या प्रश्नाबद्दल मात्र बोलायचं आहे, कारण तो प्रश्न जुना आहे आणि एका मराठी माणसाने त्यावर दीडशे वर्षांपूर्वी पुस्तकच लिहिलंय.

झालं असं होतं की आल्ब्रेख्त वेबर नावाच्या मोठ्या जर्मन संस्कृत पंडिताने १८७० च्या सुमारास मांडलं, की रामायणावर होमरची छाया असावी. हेलनला पळवून नेलं, सीतेला पळवून नेलं. ट्रॉयला वेढा, लंकेला वेढा. तिकडे धनुष्य वाकवणं, इकडे धनुष्य वाकवणं. बौद्धांच्या दशरथ जातकात सीतेचं हरण नाही, तेव्हा हा भाग नंतर ग्रीकांकडून आला असेल, असा त्याचा तर्क. याला उत्तर दिलं काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी. १८७३ साली, इंग्रजीत. रामायण होमरवरून उतरवलं आहे का, हा प्रश्नच त्यांनी पुस्तकाच्या नावात ठेवला. तेव्हा त्यांचं वय होतं तेवीस! पुढे ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ही साम्यं वरवरची आहेत आणि एवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही.

मला तेलंगांचं कौतुक वाटतं ते ते 'आपल्या बाजूचे' होते म्हणून नाही. त्यांना वेबरला उत्तर देता आलं, कारण त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या होत्या. होमर परका म्हणून बाजूला ठेवला असता तर उत्तर कशाच्या जोरावर दिलं असतं? आज "आपलं संपलं का" असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, एवढंच.

आणि गंमत म्हणजे उलटा गोंधळसुद्धा झालेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायो क्रिसोस्टम नावाचा एक ग्रीक वक्ता सांगून गेला, की हिंदुस्थानातले लोक होमरचं काव्य स्वतःच्या भाषेत गातात, त्यांना प्रायाम राजाचं दुःख माहीत आहे, बायकांचे विलाप माहीत आहेत. अभ्यासकांपैकी काहींना वाटतं की त्याच्या कानावर महाभारताची बातमी गेली असावी, आणि ऐकून त्याला वाटलं हे तर आमचंच! म्हणजे तिकडच्या माणसालाही इकडची गोष्ट स्वतःची वाटली. लाकडी घोड्याचं घ्या. गांधार भागात सापडलेलं एक शिल्प आहे, आता ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यात चाकांवरचा घोडा आणि त्याला अडवणारी बाई कोरली आहे. ट्रॉयचीच कथा, पण ती बाई दिसते अगदी भारतीय. आणि आपल्याकडे उदयन राजाला पकडायला उज्जैनच्या राजाने कृत्रिम हत्ती केला, त्याच्या पोटात सैनिक लपवले, ही कथा कथासरित्सागरात आहेच. कोणी कोणाकडून घेतलं ते पंडितांनी बघावं. (जाता जाता, लाकडी घोडा 'इलियड'मध्ये नाही. तो 'ओडिसी'त सांगितला जातो. सामान्यज्ञानाच्या बऱ्याच गाइडांमध्ये हे चुकीचं छापलेलं असतं, माझंही अनेक वर्षं चुकलेलं होतं.)

वर्गात मात्र सारखेपणा शोधायला पोरं पटाईत. मला काही करावंच लागलं नाही. एकडोळ्या पॉलिफेमसच्या गुहेतून ओडिसियस आणि त्याचे सोबती मेंढ्यांच्या पोटाला चिकटून बाहेर पडतात, हे सांगताच चौथीची निम्मी पोरं ओरडली, "आग्र्याहून सुटका!" शिवछत्रपतींच्या पुस्तकातले पेटारे त्यांना आठवले. त्यातल्या एका धनगराच्या पोराला मात्र शंका होती की मेंढ्याच्या पोटाखाली माणूस राहील कसा. त्याने रविवारी घरी करून बघितलं. सोमवारी कोपर खरचटून आला आणि म्हणाला, "मॅडम, खोटंय ते. मेंढा बसतोच." मी म्हटलं, त्यांचे मेंढे मोठे असतील आणि ओडिसियसने तीन-तीन एकत्र बांधले होते. त्यावर तो बराच वेळ विचार करत होता.

त्याच गोष्टीत ओडिसियस आपलं नाव 'कुणीच नाही' असं सांगतो. मग डोळा फुटल्यावर राक्षस ओरडतो, "कुणीच नाही मला मारतोय!" आणि शेजारचे राक्षस म्हणतात, मग ओरडतोस कशाला. ही कोटी मराठीत इतकी छान बसते की मला वाटलं मूळ मराठीतच असावी. पुढचा आठवडाभर खडू कुणी मोडला तर 'कुणीच नाही'ने मोडला.

पण सगळ्यात जास्त चर्चा झाली ती धनुष्याची. पेनेलोपी शेवटी पण लावते, की जो माझ्या नवऱ्याचं धनुष्य चढवून बारा कुऱ्हाडींमधून बाण पार करील त्याच्याशी मी लग्न करीन. एक मुलगी म्हणाली, "हे सीतेच्या लग्नासारखंच." दुसरी म्हणाली, "नाही, द्रौपदीच्या, कारण अर्जुन पण वेश बदलून आलता." खरंच की! अर्जुन ब्राह्मणाच्या वेशात, ओडिसियस भिकाऱ्याच्या वेशात. मग पहिलीने जे विचारलं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं: "पण मॅडम, तिचं तर आधीच लग्न झालेलं आहे ना?" तिथेच तर सगळा फरक आहे. आपल्या स्वयंवरात लग्न जमतं. इथे मोडायला आलेलं लग्न वाचतं. तेलंगांनी वेबरला जे समजावलं तेच एका नऊ वर्षांच्या मुलीने मला समजावलं, की सारखं दिसतं तिथेच वेगळं काय ते बघावं.

आता सांगण्याच्या पद्धतीबद्दल. डी.एड.ला असताना कथाकथनाच्या पाठाचं टाचण काढायचो तेव्हा शेवटचा मुद्दा ठरलेला असायचा, तात्पर्य. मी सुरुवातीला 'ओडिसी'चंही तात्पर्य काढायला गेले. घरच्यांवर प्रेम करा, संकटात धीर सोडू नका, वगैरे. मुलांचे चेहरे असे झाले की जणू कोणी टीव्ही बंद केला. तेव्हापासून सोडून दिलं. ही काव्यं मुळात अशी धड्यासारखी रचलेलीच नाहीत. ती ऐकवायची होती.

हे ऐकवण्याचं प्रकरण कसं उलगडलं तेही सांगण्यासारखं आहे. मिलमन पॅरी नावाचा अमेरिकन अभ्यासक. त्याला प्रश्न पडला होता की होमरमध्ये तीच तीच विशेषणं एवढी का येतात. अकिलीस नुसता बसलेला असला तरी 'चपळ पायांचा'च. १९३३ ते १९३५ या काळात तो आणि त्याचा मदतनीस अल्बर्ट लॉर्ड युगोस्लाव्हियात खेडोपाडी फिरले आणि गाणाऱ्यांना रेकॉर्ड केलं. त्यात आव्दो मेजेदोविच नावाचा एक खाटिक होता, लिहिता-वाचता न येणारा. त्याने बारा हजारांहून जास्त ओळींचं काव्य सांगितलं, म्हणजे जवळपास 'ओडिसी'एवढं. पाठांतर नव्हे, ठरलेले शब्दसमूह, ठरलेले प्रसंग हाताशी असायचे आणि गाता गाता तो काव्य जुळवत जायचा. पॅरीचं म्हणणं होतं की होमरची काव्यंही अशाच परंपरेतून आली.

हे वाचताना मला आमच्या गावातला गोंधळ आठवला. संबळ, तुणतुणं, दिवटी, आणि रात्रभर चालणारं आख्यान. गोंधळ्याच्या तोंडीही काही ओळी परत परत येतात, तेवढ्यात त्याला पुढचं सुचतं आणि ऐकणाऱ्याला जरा दम मिळतो. जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या ज्या बायकांनी सांगितल्या त्यातल्या कितीतरी शाळेचं तोंडही न पाहिलेल्या. आमच्या वर्गातल्या एका आजीला मी शाळेत बोलावलं होतं. त्यांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हटल्या आणि मी टेलेमाकसचा पुढचा भाग सांगितला. मुलांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. आजीच मध्येच म्हणाल्या, "त्या बाईला नवरा यायचा हाय का न्हाई, ते आधी सांग."

पेनेलोपीचं आजींना फार पटलं. सासऱ्यासाठी कफन विणते, ते झालं की लग्नाचं बघू, असं ती त्या माणसांना सांगते आणि दिवसा विणलेलं रात्री उसवते. तीन वर्षं निभावते. आजी म्हणाल्या, गोधडी असती तर लगेच कळलं असतं, टाके मोजता येतात.

मराठी साहित्यावर ग्रीक महाकाव्याचा प्रभाव किती, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन फार नाही, आणि त्यात कमीपणा नाही. युरोपात होमरवरून व्हर्जिलने घेतलं, व्हर्जिल-होमरवरून मिल्टनने. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६१ मध्ये 'मेघनादवध काव्य' लिहिलं, त्यातला मेघनाद हेक्टरच्या जवळचा आहे, आणि वाचणारा रावणाच्या घरच्यांसाठी हळहळतो. मराठीत ती वाट तशी पडली नाही. आपल्याकडे ओवी इतकी मजबूत होती की बाहेरून आलेल्यानेही तीच धरली. इंग्लंडहून गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, ते ओवीत. आपल्या नगरमध्ये राहिलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 'ख्रिस्तायन' सुरू केलं, ते अपुरं राहिलं, आणि १९१९ मध्ये ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. ज्यांना लिहायला-वाचायला लग्नानंतर नवऱ्याने शिकवलं त्यांनी महाकाव्य हातात घेतलं. ग्रीकांकडून मराठीत ठळक आलं ते नाटक. पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लिसचं नाटक 'राजा ओयदिपौस' म्हणून आणलं. असो. हा विषय मोठ्यांचा.

'इलियड' मात्र मी वर्गात पूर्ण सांगत नाही, त्यातली मारामारी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना झेपणारी नाही. पण शेवटचा प्रसंग सांगते. 'इलियड' हे खरं तर एका माणसाच्या रागाचं काव्य आहे. दहा वर्षांच्या युद्धातले थोडेच दिवस त्यात येतात. अकिलीसचा मान दुखावला म्हणून तो लढायचं थांबतो, त्यापायी त्याचा जिवलग मित्र मारला जातो, मग तो हेक्टरला मारतो आणि प्रेत रथाला बांधून फरफटत नेतो. आणि शेवटी हेक्टरचा म्हातारा बाप, प्रायाम, रात्री शत्रूच्या छावणीत जातो, ज्याने मुलाला मारलं त्याचेच हात धरतो आणि प्रेत मागतो. म्हणतो, तुझ्या बापाला आठव. दोघे एकत्र बसून रडतात. काव्य संपतं ते शत्रूच्या अंत्यविधीने.

आपल्याकडे नेवाश्याला ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, पैसाचा खांब दाखवायला आपण सहली नेतो. त्या ग्रंथाच्या सुरुवातीलाही एक वीर लढायचं थांबतो. अर्जुन थांबतो ते समोर आपलीच माणसं दिसतात म्हणून. अकिलीस थांबतो ते अपमानामुळे, आणि समोरचाही कुणाचा तरी आहे हे त्याला कळतं सगळं होऊन गेल्यावर. हा फरक मी नेवाश्याच्या सहलीत मुलांना सांगितला होता. किती समजला माहीत नाही. पण परतताना बसमध्ये दोन मुलांची खिडकीवरून जुंपली, तेव्हा तिसरा म्हणाला, "बस कर रे अकिलीस." मला तेवढं पुरलं.

'ओडिसी'कडे परत येते, कारण एका ठिकाणी मी अडखळले आणि अजून अडखळलेली आहे. ओडिसियस घरी येतो आणि एकशे आठ माणसं मारतो. ते मुलांना चालतं, चित्रपटात ती रोज बघतात. पण त्यानंतर घरातल्या बारा दासींनाही फाशी दिलं जातं. मी तो भाग सांगितला नाही. चौथीला कसा सांगू? पण मोठ्या झाल्यावर त्यांना तो कुठेतरी वाचायला मिळेल आणि वाटेल की मॅडमनी लपवलं. सातवी-आठवीला शिकवणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा, त्या बारा जणींना नकार देता येणार होता का, हा प्रश्न मुलींनी विचारला पाहिजे. मी चौथीची शिक्षिका, मी मागे राहिले.

ज्या भागात मी एकदाही मागे राहिले नाही तो म्हणजे ओळखण्याचा. वीस वर्षांनी आलेल्या माणसाला कोण कसं ओळखतं? काव्याचा शेवटचा मोठा हिस्सा याच प्रश्नावर उभा आहे. लहानपणी सांभाळलेली म्हातारी दाई पाय धुताना गुडघ्याजवळचा डुकराने केलेला जुना व्रण हाताला लागताच ओळखते. बायको ओळखायला सगळ्यात जास्त वेळ घेते, पारखून घेते, पलंगाची खूण विचारते, कारण तो पलंग मुळं धरलेल्या ऑलिव्हच्या झाडाच्या खोडातून केलेला असतो आणि हे फक्त दोघांना माहीत. आणि म्हातारा बाप, लेअर्टीस. तो मळ्यात फाटक्या कपड्यांत काम करतोय. त्याला खूण पटवायला ओडिसियस काय सांगतो? तुम्ही लहानपणी मला दिलेली झाडं: तेरा नाशपातीची, दहा सफरचंदाची, चाळीस अंजिराची, आणि द्राक्षाच्या पन्नास ओळी.

हे ऐकल्यावर वर्गातल्या पोरांनी आपापल्या बांधावरची झाडं मोजायला सुरुवात केली. दोन बोरी, एक चिंच, आजोबांनी लावलेली सीताफळं. मी पुढचा अर्धा तास काहीच शिकवलं नाही, फळ्यावर झाडं लिहीत बसले. एका मुलाने घरून यादीच करून आणली, झाडांना नंबर घालून. विचारलं तर म्हणाला, "बापूंना विचारणारे. बरोबर सांगितली तर घरात घेऊ." त्यावर मात्र वर्ग हसला.

त्याच मुलाला कुत्र्याचा प्रसंग सगळ्यात आवडला होता. ओडिसियसने जाण्याआधी आर्गोस नावाचं पिल्लू पाळलेलं असतं. वीस वर्षांनी तो भिकाऱ्याच्या वेशात दाराशी येतो, तर ते म्हातारं कुत्रं शेणाच्या ढिगाऱ्यावर गोचिडांनी भरून पडलंय. त्याला उठता येत नाही, पण धन्याला ओळखून ते शेपटी हलवतं आणि तिथेच प्राण सोडतं. ओडिसियसला रडतासुद्धा येत नाही, ओळख उघडी पडेल म्हणून, तो मान फिरवून डोळे पुसतो. या मुलाने तो प्रसंग माझ्याकडून तीनदा सांगून घेतला.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात टोळ्या यायला लागल्या. तो दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो नवीन चप्पल घालून. मी विचारलं, बापू आले का, तर हो म्हणाला. मग मी विचारायला नको होतं ते विचारलं, कुत्र्याने ओळखलं का.

"नाही मॅडम. लई भुंकलं." आणि माझ्याकडे बघून, मला वाईट वाटू नये अशा बेताने, त्याने कारण सांगितलं, "ते दिवाळीनंतर आणलंय ना. त्याने बापूंना पहिल्यांदाच बघितलं."